मागची खोली मोकळी ठेवा

१

शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की लोक आधी नकाशात स्वतःचं घर शोधतात. मी कोपऱ्यातली रंगसूची वाचतो. पिवळा म्हणजे राहती घरं, निळा म्हणजे दुकानं, हिरवा म्हणजे मैदानं. लबाडी नकाशात नसते, सूचीत असते. एखादा हिरवा हळूच फिका करायचा, त्याला 'भविष्यकालीन विकास' असं गोंडस नाव द्यायचं, की काही वर्षांनी मुलांच्या मैदानावर बारा मजले उभे. असले रंग पकडण्यात बातमीदार म्हणून माझी उभी हयात गेली. नगररचना खात्याचे कारकून मला लांबून येताना पाहिलं की म्हणतात, "आले हरकतवाले." मला ते आवडतं.

यंदाचा आराखडा नगरपालिकेच्या सभागृहात भिंतभर लावला होता. सूची वाचली, मग नकाशा पाहिला, मग पुन्हा सूचीकडे आलो. नकाशात एक रंग जास्तीचा होता. साय धरलेल्या शिळ्या चहासारखा. एक अरुंद पट्टा, नकाशाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. रस्ता कुठे तरी वळतो, नालासुद्धा वळतो. हा पट्टा कशालाच वळसा घालत नव्हता. घरांवरून सरळ गेला होता.

आणि त्यातलं एक घर माझ्या ताईचं होतं.

नगररचनाकार बाई तिथेच होत्या. मी विचारलं, "हा रंग कसला?"

"तो आधीपासून आहे."

"सूचीत नाही."

"सूचीत कधीच नव्हता."

"कशासाठी आरक्षित आहे ते तरी सांगाल?"

"मोकळा ठेवण्यासाठी."

"कुणासाठी मोकळा? कुठल्या बिल्डरसाठी?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. पुसतच राहिल्या. "हरकतींची मुदत संपत आलीय," त्या म्हणाल्या. "त्या पट्ट्यातून एकही हरकत आलेली नाही. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

एकही नाही! या गावात चार गल्ल्या पलीकडे मुतारी होणार म्हटलं तरी लोक सह्यांची भेंडोळी घेऊन येतात. इथे घरावरून पट्टा जातोय आणि सगळे गप्प. दमदाटी झाल्याशिवाय असं होत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तसाच ताईकडे निघालो.

२

ताई माझ्याहून बरीच मोठी. हॉस्पिटलात परिचारिका होती, निवृत्त झाली, नवरा गेल्यावर आमच्या वडिलांच्या घरी एकटी राहते. भिंतीला भिंत लागून घरांची एक लांबलचक ओळ आहे, त्यातलं ते एक. पुढे बैठकीची खोली, मध्ये स्वयंपाकघर, आणि मागे वडिलांची खोली.

ही मागची खोली मुळात घराचा भाग नव्हती. ओळीच्या मागून एक चिंचोळी गल्ली जायची. आमच्या लहानपणी वडिलांनी भिंती घातल्या, वर पत्रे टाकले आणि गल्ली घरात घेतली. शेजाऱ्यांनीही तेच केलं. नगरपालिकेने डोळेझाक केली. हे मी लपवत नाही. अतिक्रमण ते अतिक्रमण, आमचं असलं तरी.

मी पोचलो तेव्हा ताई ती खोली झाडत होती. पलंग नव्हता, पुस्तकं नव्हती. वडिलांचं लोखंडी कपाट बैठकीत येऊन उभं होतं, त्याच्यामागे निम्मी खिडकी गेली होती.

"हे काय चाललंय?"

"आलास का टोच्या? चपला बाहेर काढ, आत्ता पुसलंय." लहानपणी मी सगळ्यांना टोचून बोलायचो म्हणून ताईने ठेवलेलं हे नाव. साठीला आलो तरी सुटलं नाही.

"ताई, घर जातंय तुझं!"

"घर कुठं जातंय? मागची खोली मोकळी ठेवायची, एवढंच सांगितलंय."

"कुणी सांगितलं? लेखी काही दिलंय?"

"सगळ्याच गोष्टी तुझ्या पेपरात छापून येतात होय रे?"

मी खोलीत पाऊल टाकलं आणि थबकलो. शेजारच्या शिंप्याच्या बाजूच्या भिंतीला नवं दार फोडलं होतं. दार नव्हेच, भगदाड. कापलेल्या विटा ताज्या लाल. समोरच्या भिंतीलाही तसंच. पहिल्या भगदाडातून शिंप्याची मागची खोली दिसत होती, तीही रिकामी. तिच्या पलीकडच्या भिंतीला भगदाड, पलीकडे आणखी एक रिकामी खोली, मग आणखी एक. खोल्या लहान लहान होत गेल्या होत्या. पार टोकाला, जिथे ओळ संपून माळ सुरू होतो, तिथे नखाएवढा उजेड होता.

"पाडलं कुणी हे? भिंतीवर पत्र्यांचा भार आहे, उद्या डोक्यावर येईल!"

"हळू बोल," ताई म्हणाली. तिने माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. "आणि त्या भगदाडांच्या रांगेत उभा राहू नकोस. सवय लागते अशाने."

आणि तिने केरसुणी पुन्हा उचलली.

३

दुसऱ्या दिवशी बांधकाम निरीक्षक आला. मी मुद्दाम ताईकडे मुक्काम ठोकून होतो, भिंती फोडणारा कुणीतरी तावडीत सापडेल म्हणून. किडकिडीत माणूस, शर्टाच्या खिशात खडू. बरोबर दोन मजूर, आणि त्यांच्या खांद्यावर एक लाकडी चौकट.

जुन्या बांधकाम खात्यात ही पद्धत होती. मोठं यंत्र किंवा टाकी अरुंद वाटेने न्यायची असली की तिच्या मापाची पोकळ चौकट आधी त्या वाटेने फिरवायची. कुठे अडकते, कुठे घासते ते कळतं. मी पूर्वी अशा चौकटी पाहिल्या आहेत. पण त्या आयताकृती असतात. ही तशी नव्हती. खाली रुंद होती. वर दोन खांदे, त्यातला एक दुसऱ्याहून वर चढलेला. आणि सगळ्यात वर, उजवीकडे, एक फुगवटा. कुणी मान वाकडी करून भिंतीपलीकडचं ऐकावं तसा.

मजुरांनी चौकट उभी केली आणि शिंप्याच्या बाजूने आमच्या खोलीत आणली. अगदी सावकाश. निरीक्षक पुढे मागे चालत तिच्या कडा बघत होता. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ओठ आवळून. ऑपरेशनच्या खोलीबाहेर थांबलेले नातेवाईक तिने जन्मभर पाहिले, आज तीच तशी दिसत होती.

वरचा फुगवटा भिंतीला लागला. प्लास्टरवर बारीक खर्र झालं. ताईने डोळे मिटले.

"थांबा," निरीक्षक म्हणाला. खडूने खूण केली. "इथं दोन बोटं खरवडा. आत्ताच्या आत्ता."

"अहो निरीक्षक," मी पुढे झालो, "कुठलं वाहन जाणार आहे इथून? पाइप आहे? केबल?"

"मला माहीत नाही. मी फक्त घासतं का ते बघतो."

"परवानगी कुणाची आहे भिंती फोडायला?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "खरं तर सगळ्या खोल्या पाडायच्या होत्या. गल्ली होती तशी करायची. पण पाडायला वेळ नाही उरला."

"वेळ नाही? कोर्टाची तारीख आहे का?"

त्याने खडू खिशात ठेवला. मजुरांना म्हणाला, "चला, पुढचं घर."

मजुरांपैकी एकाने जाताना चौकटीची आतली बाजू हाताने चाचपून पाहिली. रिकामी आहे ना, याची खात्री करून घ्यावी तशी.

४

मी खोल्यांमधून चालत शिंप्याकडे गेलो. बातमीदाराने रस्त्याने जाऊन दार वाजवावं हा शिष्टाचार मला ठाऊक आहे, पण राग होता. शिंपी पुढच्या खोलीत मशीनवर बसला होता. मला मागून आलेला पाहून तो इतका दचकला की बोट सुईखाली जाता जाता वाचलं.

"अहो, असं मागून येऊ नका हो! जीव गेला असता माझा."

"का? मागून आणखी कोण येतं?"

"येत नाही. जातं."

"काय जातं?"

त्याने दोरा तोडला, पुन्हा ओवला. "तुम्ही शिकलेली माणसं, हसाल."

"हसायला मी आलोच नाही. भांडायला आलोय. तुमच्या वतीने."

"माझ्या वतीने नका भांडू, पाया पडतो. दुपारी खोलीचं दार लावून पुढे बसायचं, मशीन बंद ठेवायची. दाराखालची उजेडाची रेघ जाते. थोड्या वेळाने परत येते. रेघ परत आली की झालं, गेलं पुढे. माझ्या सासऱ्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, त्यांच्या वेळी इथे गल्ली होती."

"पाहिलंय कुणी?"

"बघायचं कशाला? त्याला पुढे जायचं असतं. आपण वाट द्यायची."

मी विचार करत परतलो. माणसं घाबरली की आपणहून कायदा मोडतात, हे मी अनेकदा पाहिलंय. एका विकासकाने वस्ती खाली करण्यासाठी भुताची अफवा उठवल्याची बातमी मीच दिली होती. इथेही तेच. भगदाडांनी भिंती खिळखिळ्या करायच्या, पावसाळ्यात एखादं घर बसलं की सगळी ओळ धोकादायक ठरवायची, आणि माळासकट जमीन घशात घालायची. सरळ हिशेब होता. फक्त त्या चौकटीचा आकार त्यात कुठे बसत नव्हता. तो मी बाजूला ठेवला.

५

मुदत संपण्याआधी मी स्वतः हरकत दाखल केली. पट्ट्यातली ती एकमेव. नगररचनाकार बाईंनी ती उभ्याने वाचली. चेहरा पांढरा पडत गेला.

"मागे घ्या."

"का म्हणून?"

"सुनावणी लावायला मला वेळ नाही, आणि हरकत असलेल्या जागेला हात लावता येत नाही. तुम्ही वाटेतच आडवे पडलायत. मागे घ्या हो."

"कुणाला घाबरता एवढं? त्या बिल्डरला?"

"बिल्डर असता तर किती बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. सरकारी बाईला मी आजवर ओरडताना पाहिलंय, रडताना नाही. मग हळूच त्यांनी विचारलं, "तुमच्या बहिणीचं घर ओळीच्या मध्ये ना? टोकाला असतं तर निदान मागे तरी फिरलं असतं."

मी हरकत मागे घेतली नाही. उलट ठरवलं, हे लोक जे काही आणणार आहेत, त्याचा फोटो काढायचा. आणि फोटो काढायचा तर ते थांबलं पाहिजे.

६

ओळीतल्या सगळ्यांना कळवलेल्या दिवशी दुपारी ताईने स्वयंपाकघराचं मागचं दार लावून घेतलं आणि मला म्हणाली, "टोच्या, माझ्यासाठी म्हणून आज गप्प बसशील? मला या घरात मरायचंय. शांतपणे."

"बसतो," मी म्हणालो. ती पुढच्या खोलीत जाऊन पडली. तिला जरा डोळा लागताच मी कपाटाच्या पायांखाली गोणपाट सरकवलं आणि ते ढकलत, आवाज न करता, मागच्या खोलीत नेलं. बरोबर मधोमध उभं केलं. वडिलांचं कपाट, गोणपाटाशिवाय चार माणसांना हलत नाही. गोणपाट ओढून काढलं आणि कपाटाशेजारी मोबाइल धरून उभा राहिलो.

आता ऐका, मी काय पाहिलं. मी जागा होतो, उजेड होता, अंगात ताप नव्हता.

खोल्यांमागे खोल्या, आणि टोकाला नखाएवढा उजेड. शिंप्याची मशीन थांबलेली. कुठेतरी नळ ठिबकत होता, तोही कुणीतरी बंद केला. मग टोकाचा उजेड गेला.

माळाच्या बाजूला कुणी दार लावलं असेल, मी मनात म्हणालो.

मग अलीकडची खोली गेली. म्हणजे काळोख झाला नाही. या खोल्यांना वर झरोके आहेत, त्यातून ऊन येतंच. पण भगदाड दिसेनासं झालं. बूच बसावं तसं. मग ते पुन्हा दिसलं आणि त्याच्या अलीकडचं गेलं. पावलांचा आवाज नाही, धूळ नाही, प्लास्टरवर एक ओरखडा नाही. कुठेही न घासता ते येत होतं. निरीक्षकाने काम चोख केलं होतं.

वारा असेल. पडदा असेल. नजरेचा दोष असेल. मी एकेक कारण मनात मांडत होतो आणि एकेक खोली जात होती.

शिंप्याची खोली उरली. तिच्या पलीकडच्या भगदाडात मला दोन खांदे दिसले, एक वर चढलेला, आणि उजवीकडे तो कललेला फुगवटा. मजूर चौकट परत आणतायत, असं मला क्षणभर वाटलं. हायसंसुद्धा वाटलं.

पण चौकट आतून पोकळ असते. हे भरलेलं होतं.

७

"कपाट!"

ताई माझ्यामागे उभी होती, केस सुटलेले. "कुणी आणलं कपाट इथं? अरे कुणी आणलं?"

"ताई, आत येऊ नको..."

"तू आणलंस." ती ओरडली नाही. हॉस्पिटलात रात्रपाळीला बोलायची तसं बोलली, थंड आणि भराभर. "त्याला थांबायला जागा नसते कुठं, कळत नाही तुला? ते फक्त जातं. थांबलं तर इथंच राहील ते. माझ्या घरात!"

तिने मला स्वयंपाकघरात ढकललं. सत्तरीच्या बाईच्या अंगात एवढा जोर कुठून आला, देव जाणे. मी ओट्यावर आपटलो, एकही फोटो न काढलेला मोबाइल हातातून उडाला. सावरेपर्यंत ती आत गेली होती आणि दार ओढलं गेलं होतं. तिने ओढलं असेल.

दाराखालची उजेडाची रेघ विझली.

मग आतून कपाट सरकल्याचा आवाज आला. लोखंडाचे पाय फरशीवर. खर्र, थांबून पुन्हा खर्र.

मी दार ढकललं. ते फटीएवढं उघडलं. त्या फटीत मला ताईचा हात दिसला, कपाटाच्या कडेवर, शिरा ताणलेल्या. हाताच्या मागे खोली नव्हती. डोळ्याला अगदी चिकटवून एखादं घोंगडं धरावं, तसं काहीतरी फटीच्या पार वरपर्यंत होतं. ते हलत नव्हतं. ते थांबलं होतं.

"लाव ते, टोच्या," ताई म्हणाली. "थोडंच राहिलंय."

मी दार लावलं. ज्या माणसाने मंत्र्यांच्या तोंडावर प्रश्न फेकले, त्याने दार लावलं.

८

शिंप्याच्या खोलीत उजेड परत आला आहे. त्याने तसं सांगितलं, आणि त्याच दिवशी बायकोला घेऊन तो निघून गेला. पलीकडच्या घरांतून, ज्यांच्याकडे ते अजून पोचायचं आहे, भिंतीवर हळूच टकटक होते. "गेलं का हो तुमच्याकडून?" त्यातल्या एका घरात लहान बाळ आहे, त्याला रडू देत नाहीत. मी म्हणतो, "नाही." ते पुन्हा थोड्या वेळाने विचारतात.

निरीक्षक येऊन गेला. दाराला कान लावला, खिशातला खडू काढला आणि काहीच खूण न करता परत ठेवला. नगररचनाकार बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अजून सरकवतायत ना? मग आशा आहे." किती दिवस झाले हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ती खोली जेमतेम दहा फुटांची आहे. एवढं सरकवायला त्यात जागाच नाही.

मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितोय. जन्मभर लोकांना सांगत आलो, हरकत घ्या, आडवे पडा, विचारल्याशिवाय वाट देऊ नका. आज उलटं लिहितोय. तुमच्या गावाचा नवा आराखडा लागला असेल तर जाऊन बघा. सूचीत नसलेला रंग दिसला, आणि तो तुमच्या घरावरून गेला असेल, तर कुणाला काही विचारू नका. भांडू नका. मागची खोली मोकळी ठेवा.

आत्ता पुन्हा खर्र झालं. मी हाक मारली, "ताई, बाहेर ये."

"आलेच. थोडंच राहिलंय."

आवाज तिचाच आहे, शपथेवर सांगतो. पण ताई माझ्या खांद्याला लागते. आणि हा आवाज दाराच्या पार वरून येतो, उजव्या कोपऱ्यातून.